निरंक

शारजात खोरालगत एक जुनं प्रवाळदगडी घर आहे,
रात्रपाळीला त्याच्या दारावर मी.
वहीत लिहायचं: नाव, वेळ, सोबतचं सामान.
इज्लाल आली तेव्हा तिसऱ्या रकान्यात
मी लिहिलं, निरंक.

परवान्याच्या कचेरीत तिचे कागद मीच घेऊन गेलो.
साहेबांनी संहिता मागितली.
संहिता नाही, ती म्हणाली, चहा आहे.
किटली?
किटली नाही.
साहेबांनी चष्मा काढून पुसला.
मला हसू दाबावं लागलं. आमच्या देवळातही
नट बाकड्यावर बसून उजाडेपर्यंत भांडत,
कागद कुणाच्याच बापाकडे नसे.

खार्तूमच्या चौकात, ती सांगायची, खरे निखारे होते.
बारा बुटकी स्टुलं, आलं, लवंग.
माणसं धरणं धरून बसलेली, ही ओतत राहिलेली.
सरकार पडलं त्या दिवशीही ओतत होती.
मग पडलेलं सरकार
दुसरे कपडे घालून उठलं.
(हे मला ठाऊक आहे. आमच्यात मेलेला राक्षस
पडद्याआड ओढून नेत,
झांज वाजेतो तोच राजा होऊन येई.)
स्टुलं चौकातच जळाली.
निखारे हल्फाच्या सरहद्दीवर विझले.
किटली कैरोच्या घरमालकाने भाड्यापोटी ठेवली,
पेले इथल्या विमानतळापर्यंत आले नि फुटले.
दर नाक्यावर प्रयोग हलका होत गेला.
उरले दोन हात
आणि मनगटाचं एक वळण.

अंगणात चाळीसेक पाहुणे, ऊद, मोबाइल.
ती वाळूवर उकिडवी बसली.
नसलेल्या किटलीतून नसलेल्या पेल्यात ओतलं
आणि पेला पुढे केला, जिथे कुणी नव्हतं तिथे.
थांबली. त्या माणसाला प्यायला लागेल
तेवढा वेळ थांबली.
मग दुसरा. मग तिसरा.
एका बाईने घड्याळ पाहिलं. एसी घरघरत होता.
सहाव्या पेल्याला खोरातून गलबताचा भोंगा आला,
तिचा हात हलला, बोट पोळलं,
आणि दारात उभ्या मी
माझ्या कानाची पाळी धरली.

व्हिसा तीस दिवसांचा. ती कंपालाला गेली.
तिथे कोण आहे विचारलं, तर म्हणाली, प्यायचे राहिलेले.
वहीत सही केली, सामान निरंक,
आणि पेन परत देताना:
पेला रिकामा असला तरी हात जड ठेव.

मी नेरूरला स्त्रीपार्ट करायचो.
अंबाडा, निऱ्या, राणीची चाल.
अठ्ठावीस वर्षांत अंगातून गेलं असेल वाटायचं.

आमचा कॅम्प सजा नावाच्या वस्तीत आहे,
नाव खरंच तेच.
गेल्या गुरुवारी खोली नंबर सतरात
रंगाच्या उपड्या डब्यावर बसलो. निऱ्या कुठल्या, लुंगी.
हात जड ठेवून ओतू लागलो.
दोघं हसले. सगीरने रील बंद केली.
तिलबहादूर वरच्या बंकवर भिंतीकडे तोंड करून पडला होता;
त्याचा पोरगा त्या आठवड्यात काठमांडूच्या रस्त्यावर,
आणि फोन लागत नव्हता.
मी पेला वर धरला.
धरूनच ठेवला. दंड भरून आला.

बऱ्याच वेळाने हात खाली आला त्याचा.
दोन्ही हातांनी पेला घेतला, फुंकर मारली.
साखर कमी, म्हणाला.