डिपॉझिट

पाटीवर लिहिलंय: तडवी पॅकिंग मशिनरी, विक्री व दुरुस्ती.
पाटीवर मावलं नाही ते मी तोंडी सांगतो.
शेव, केळीचे वेफर्स, पापड, धने,
कोणता माल चालेल ते मला वासावरून कळतं.
तीस वर्षं जळगावात हेच करतोय.

त्या पौषात बामणोदची मोहिनी फेगडे आली.
स्कूटीवर पायांत डबा, डब्यात भाजलेली वांगी.
म्हणाली, यातली हवा काढून बंद करून द्या.
मी विचारलं, मग पुढे?
पुढे पुण्याला.

मी हसलो नाही. गिऱ्हाइकाला हसू नये.
मागे पाना पुसत बसलेला इब्राहिम हसला.
"भरीत? इकत? कोन घीन व ताई?"

हे तिला नवं नव्हतं.
सासरे म्हणाले होते, ज्या गावात वांगं कोणी मोजून देत नाही
तिथली सून वांग्यावर कंपनी काढते.
बँकेतल्या साहेबानं अर्ज वाचला:
कच्चा माल, वांगी आणि कपाशीच्या काड्या.
यंत्रसामग्री, आग.
मग त्यानं कागद उलटून पाहिला,
मागे अजून काही लिहिलंय का म्हणून.

मी मशीन भाड्यानं दिलं. डिपॉझिट दोन हजार.
पावतीवर माझ्याच हातानं लिहिलं,
आठ दिवसांत परत.
तिचं नव्हे ते, माझं भाकीत होतं.

पहिली चाळीस पाकिटं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेली.
सकाळी पुण्यात उतरली ती टम्म, पुरीसारखी.
एक तर डिकीतच फुटलं.
ड्रायव्हर फोनवर जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

ती आली तेव्हा पावती मी खणातून काढूनच ठेवली होती.
तिनं फुगलेलं पाकीट काउंटरवर ठेवलं,
दाबून पाहिलं, म्हणाली,
कांद्याची पात. कच्चा लसूण. ते काढून टाकते.
मग भरितात राहील काय?
धूर, म्हणाली.

पात पुण्यात मिळते. मिरची मिळते, शेंगदाणे मिळतात.
काड्यांचा जाळ मिळत नाही.
साल तडकते, फस्स होतं, आतला गर धूर पितो,
गॅसवर ते वांगं नुसतं जळतं.
मी तेवढंच पाठवते. कुटायचं काम त्यांचं.

अर्धवट माल, वर लोकांनीच करून घ्यायचा!
माझी ही दुसरी शंका. मी ती चहाबरोबर गिळली.

मग वही.
उकळत्या पाण्यात बारा मिनिटं, सहाव्या दिवशी आंबट.
अठरा मिनिटं, वास गेला.
पंधरा, आणि बाजूला प्रश्नचिन्ह.
मशीनची तार मी तीनदा बदलली, दोनदा रात्री जाऊन.
पैसे घेतले. एकदा नाही घेतले.
का, ते आठवत नाही.

धंदा चालला हे मला कसं कळलं?
पहिली तक्रार आली ती यावलच्या एका आईची.
पोरगं हिंजवडीत, घरचा डबा नको म्हणतं,
तुमचं पाकीट मागतं. बंद करा हे.
मोहिनीनं तिला भट्टीवर कामाला ये म्हटलं.
ती आली.

आता फैजपूर रस्त्याला शेड आहे, चौदा बाया आहेत.
उन्हाळ्याचा साठा सावद्याच्या केळीवाल्याच्या थंड खोलीत.
बांधावर फुकट पेटवायचे त्या काड्यांना भाव आलाय
आणि काट्यापाशी उभे राहून सासरे
किलोमागे दहा पैशांसाठी भांडतात.
बँकेचा साहेब दर जानेवारीत कॅलेंडर पाठवतो.
गावात ज्याला विचाराल तो म्हणतो, मला माहीतच होतं.
इब्राहिमसुद्धा.

मीही म्हणतो. दुकानात कोणी आलं की सांगतो,
पहिलं मशीन आपलं.
मग खण उघडत नाही.

पावती तिथेच आहे.
आठ दिवसांत परत, शाई अजून निळी.
मशीन परत आलं नाही, दोन हजार ती मागत नाही.
परवा नव्या शेडचं मोठं मशीन बसवून निघालो,
नोटा खिशात मोजून ठेवल्या होत्या.
ती भट्टीजवळ उभी, तोंडावर काजळी,
म्हणाली, भाऊ, कळण्याची भाकरी आहे, बसा.

बसलो.
शर्टाला तो वास अजून आहे.
नोटाही खिशातच आहेत.