सहकुटुंब

तिकिटावर छापलं होतं : सहकुटुंब.
गंगापूर रोडच्या छोट्या हॉलात
निनाद गायधनी मेक्सिकोचा इतिहास सांगत होता.
म्हणे, तुमच्या मिसळीतली मिरची तिकडची, टोमॅटोही,
तर्री तेवढी आपली!
हॉल खदखदला.

मग त्याने स्पॅनिश सरदाराला
अस्सल पंचवटीतली शिवी हासडली.
मी झटकन रेवाचे कान झाकले.
पुढच्या रांगेतल्या काकू उठून गेल्या, पिशवीसकट.

हात काढले तेव्हा
तो देवीच्या साथीवर आला होता.
गावंच्या गावं ओस. आकडाही सांगितला, लाखांत.
तेव्हा कुणीच कुणाचे कान झाकले नाहीत.

रिक्षात रेवा म्हणाली,
मेलेल्यांचं सांगताना तो इतका हळू का बोलला?
मी वाऱ्याला तोंड दिलं.
सीबीएस आल्यावर पुन्हा तीच :
आणि शिवी काय होती?