सहा इंच

हॅवर गावाबाहेर, मालगाड्यांच्या रुळांपलीकडे,
व्हर्लिन स्कोगस्टाडच्या अंगणात तो उभा होता:
काळा पिकअप, सहा इंच उचललेला,
टायर माझ्या कमरेला लागतील एवढे.
मी एकोणीस वर्षांचा. मान वर करून बघता बघता
खिशातले नऊ हजार डॉलर
आपसूक सैल व्हायला लागले.

"वर काय बघतोस," इव्हॉनमावशी म्हणाली,
"वरचा भाग विकायला असतो. गाडी खाली असते."
तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात काढलेली बाई.
पुठ्ठा अंथरला, सरपटत आत गेली.
बाहेर उरले तिचे बूट
आणि आवाज.

"चासीला ताजा रंग फासलाय. चावीनं खरवड.
पापुद्रे सुटले तर सरळ घरी.
नाही सुटत? बरं.
मागच्या ॲक्सलवर ठोकळा एकच.
एकावर एक दोन असते
तर बाहेर येऊन शिव्या घातल्या असत्या.
आता स्टिअरिंग पार वळव,
ब्रेकच्या नळ्या ताणतायत का ते मी बघते.
अंग उंच केलं की शिरा लांबवाव्या लागतात,
लोक विसरतात."

टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला,
करवतीसारखी लागली.
"अलाइनमेंट कधी केलीच नाही यानं."
"केली होती," व्हर्लिन म्हणाला, "एकदा."
"एकदा," बूट म्हणाले.

मग मीटर. एक लाख वीस हजार मैल.
"मोठी चाकं घातल्यावर मीटर जुळवून घेतलास?"
व्हर्लिन वाऱ्याकडे बघू लागला.
तिथे वाऱ्याकडे बघायला भरपूर जागा आहे.
"म्हणजे सांगते त्याहून जास्त चाललीय.
असो. आपणही तसेच."

चक्कर मारायला मी आणि व्हर्लिन गेलो.
मावशी खालीच थांबली, म्हणाली, मला इथून ऐकू येतं.
हायवे दोनवर मी उंटावरचा शहाणा:
मिल्क नदी पायाखाली, गव्हाची कोठारं बरोबरीची,
पुढच्या गाड्यांची टपं, त्यांच्यावरची धूळ.
पंचावन्नच्या वेगात पुलाचा सांधा आला
आणि स्टिअरिंग हातात थडथडलं,
थंडीनं दात वाजावेत तसं. मग गप्प.
परत आल्यावर सांगितलं.
"बुश गेलंय, आणि कदाचित आणखी काही. आठशे कमी."

व्यवहार ठरत होता तेव्हा
मी उगाच दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.
आतली मूठ इतकी गुळगुळीत, की चमकत होती.
सीटमागे लाकडी स्टूल,
वर गालिच्याचा तुकडा ठोकलेला, एका पायाला दोरी.
यावर मावशीनं काही सांगून ठेवलं नव्हतं.

"जोएटाचं," व्हर्लिन म्हणाला.
"ती चढायची, मी दोरीनं स्टूल वर ओढायचो.
सतरा वर्षं."
खिडकीतला पडदा हलला. आत चाकाच्या खुर्चीवर
कुणीतरी हात वर केला, मलाच की ट्रकला, कळलं नाही.
"आता बुटकी व्हॅन बघतोय."

मला वाटलं, मावशी आता आठशे सोडेल.
तिनं आठशेचे आठशे कापले.
दया वेगळी, बुश वेगळं.
पैसे मोजून झाल्यावर मात्र
ती खिडकीपाशी गेली, काचेला बोट लावून
काहीतरी बोलली, बराच वेळ.

व्हर्लिननं स्टूल उचललं. घराकडे दोन पावलं गेला.
मग वळून परत जागच्या जागी ठेवलं.

येताना शेजाऱ्यानं सोडलं होतं आम्हाला,
जाताना हाच ट्रक.
मी चढलो, इंजिन चालू केलं, वाट बघत बसलो.
मावशी दाराशी उभी.
सीट तिच्या छातीला लागत होती.
अडुसष्ट वर्षांच्या बाईनं
सगळं तपासलं होतं, फक्त हे सोडून.
मीही.

उतरलो. फिरून गेलो. स्टूल खाली ठेवलं.
ती काही बोलली नाही.
वर बसली, दार लावायच्या आधी
दोरी स्वतःच ओढून घेतली.