भाव, नंदुरबार

सुरतेहून पहाटेच्या पॅसेंजरनं
थर्माकोलची पेटी उतरते.
सुपडाबाई वाडिले झाकण काढते.
एकच जिताडा, पावणेतीन किलो,
डोळ्यांत अजून खाडीचं पाणी.

भाचा मस्कतहून फोनवर सांगतो,
गेल्या जुम्म्याला तीन रियाल होता, आज साडेतीन.
सिंगापुरात तर तुकड्यावर भाव,
त्यातही तळ्यात पोसलेला वेगळा,
दर्यात धरलेला दीडपट.
"ऐकतेस ना, मावशी?"
ती कल्ला उचलून लाली बघत असते.

पाटीवर खडूनं आठशे लिहिते,
पदरानं पुसते, सातशे करते.
श्रावण चार दिवसांवर;
मग कुत्रं विचारत नाही.

सासरा सांगायचा,
उकाईची भिंत नव्हती तेव्हा
हा आपल्या पायांनी यायचा तापीतून वर,
पार प्रकाशापर्यंत
(माशाला पाय कुठले,
पण म्हातारा असंच म्हणायचा).
भाडं नाही, पेटी नाही,
दोन पायल्या ज्वारीला अख्खा.

कोर्टातला कारकून थबकतो.
"एवढा महाग?"
"भाव मासाना नही, साहेब,
बर्फना शे."
तो हसतो,
पावशेर सुके बोंबील बांधून घेतो.

मस्कत पुन्हा वाजतं.
तिचे हात ओले.