वीस थाऊ

एप्रिलच्या भर दुपारी हिदायतमिस्त्रीनं
उद्यमनगरातल्या दुकानाचं शटर खाली ओढलं,
फटीला पोतं लावलं,
आणि आम्ही तिघं काळोखात उभे राहिलो :
तो, मी, आणि लाकडी घोडीवर टांगलेलं
आंबेवाडीच्या बोटीचं जुनं इंजिन.

"ठिणगी उजेडात बघायची नसती," तो म्हणाला. "ओढ दोरी."

ओढली.
प्लगच्या टोकाशी काहीतरी पिवळं, आजारी, लुकलुकलं.
पण वायरच्या अंगावर, मधोमध,
जिथं काहीच दिसायला नको होतं,
निळ्या मुंग्यांची रांग लागली होती
लोखंडाकडं पळणारी.

"ही बघ चोरी.
वीज इथनंच घरला जातीया, कामावर पोचतच न्हाई."

मी गप्प.
मला गेल्या ऑगस्टातली अकरा मिनिटं दिसत होती.
शाळेच्या पत्र्यावर केरबा सुतार, त्याची बायको, शिलाई मशीन.
आम्ही वीस हात लांब होतो आणि इंजिन खोकून बसलं.
मी दोरी ओढत होतो, ओढत होतो,
पाणी आम्हांला उसाच्या शेंड्यांवरनं नेत होतं
आणि केरबा हात हलवत होता.
आधी 'या' म्हणून. मग नुसताच.
तासाभरानं त्यांना दुसऱ्या बोटीनं काढलं.
मशीन राहिलं.
केरबा भेटला की चहा पाजतो. अजून तोच पाजतो.

शटर वर गेलं.
मिस्त्रीनं पुलर लावून चक्र उपसलं, आत वाकून बघितलं.
"पितळंच्या भांड्यात ताक कळकतं, ठावं हाय न्हवं?
तसंच हे. पूर उतरला, तुम्ही बोट पुसली, फोटो काढला,
इंजिन गोठ्यात उभं केलं.
आत वल बसून राहिली. आठ म्हैने."

तारांची हिरवी टोकं त्यानं कापली,
तांबं लाल दिसेस्तोवर कापत गेला,
नवी टोकं डागली, वरनं ग्रीस.
बंद करायच्या बटणाची वायर
सांगाड्याला घासून उघडी पडलेली.
"बटण कुणी दाबत नव्हतं, तरी दाबलं जात हुतं."

पॉइंट पुसायला त्यानं खिशातनं लग्नपत्रिका काढली,
कोपरा फाडला, दोन ओठांमधनं ओढावा तसा ओढला.
"पॉलिश पेपर नको. त्याची कच ऱ्हाती."
कुणाची पत्रिका?
"पुतण्याची. लगीन झालं. आता ही कामाला."

मग गेजचं पातं फटीत सरकवलं,
श्वास धरून, जरा घट्ट, जरा सैल.
"वीस थाऊ. जास्त न्हाई, कमी न्हाई."
मी डोळा लावला. मला फट दिसलीच नाही.

मागच्या बोळात पाण्याच्या पिंपात
दुसऱ्या ओढीला लागलं.
धूर, शिंतोडे, लेथवरची पोरं ओरडली, "पूर आला!"
मला हसू आलं नाही. मग आलं.

वायरीचे पैसे घेतले. मजुरी पावसाळ्यानंतर, चाललं तर.
"पंधरा दिसानं एकदा लावायचं. गरज नसताना.
गरज असताना कोणबी दोरी वडतंय."

आता एक सोमवार सोडून एक
गोठ्यामागं पिंप भरतो.
म्हशी कान टवकारतात, वैरण सोडत नाहीत.
गेल्या खेपेला केरबा कुंपणाशी येऊन थांबला होता,
हातात रंधा तसाच.
मी इंजिन बंद केलं.

"परत लाव," तो म्हणाला.