चार हजार दोनशे

एकोणीस सप्टेंबरला वरच्या गावात
सकाळपासून धुकं होतं.
हे मला नंतर कळलं.
मी त्या दिवशी खाली बातुमीत, तिसऱ्या मजल्यावर
जीपच्या टायरांच्या पावत्या जुळवत बसले होते.

संस्थेची अध्यक्ष झाल्यापासून
पक्षी मला तक्त्यांतच भेटतात.
भिंतीवर एक गरुड आहे,
तो कॅलेंडरवरचा,
मार्चपासून तिथेच घिरट्या घालतोय.

नोदारच्या वहीत त्या तारखेपुढे आकडा होता:
चार हजार दोनशे मधुबाज.
गोल, घासूनपुसून ठेवल्यासारखा.
खरे पक्षी असे येत नाहीत.
खरे पक्षी चार हजार एकशे त्र्याऐंशी येतात,
आणि वर एक,
ज्याच्यावरून दोन मोजणाऱ्यांत भांडण होतं.

लहानपणी हा नोदार बापाशेजारी झुडपाआड बसायचा,
काठीला दोऱ्यानं बांधलेला खाटीक पक्षी नाचवत.
खाटकाला बघून ससाणा झेपावतो
आणि जाळ्यात येतो.
तिथे खाटकाचाच बकरा होतो.
त्या झुडपातून मी त्याला उठवून आणलं,
गळ्यात दुर्बीण घातली.
प्रत्येक वार्षिक अहवालात
पान सहावर तो हसतोय.

बोलावलं. आला.
आईनं दिलेले अक्रोड टेबलावर ठेवले,
पावत्यांवरच.
म्हणाला, "ते वरून गेले. धुक्याच्या वरून.
मला माहीत आहे. दर वर्षी जातात."
मग टोपी चुरगाळत,
"शून्य लिहिलं असतं तर
ओस्लोच्या लोकांनी पैसे दिले असते का, दारेजान मावशी?
मी तुमच्यासाठीच लिहिलं."

रागवायला तोंड उघडलं
आणि तसंच मिटलं.
कारण आदल्या रात्री, आकडा खोटा वाटत असताना,
मी त्याच चार हजार दोनशेंवर
दोन माणसांचा हिवाळ्याचा पगार बसवून पाहिला होता.
नीट बसत होता.

आणि खरं सांगायचं तर
ते गेलेच असणार.
धुक्याच्या वर ऊन असतं, उनाला वाफ असते,
वाफेवर पंख न हलवता
ते दक्षिणेला सरकले असणार,
आमच्याशिवाय, आमच्या वहीशिवाय,
जसे हजारो वर्षं जात होते
कुणी अध्यक्ष नसताना.

तरी मी लाल पेन घेतलं.
नियम असा की एकच रेघ मारायची,
खालचा आकडा वाचता यायला हवा.
बाजूला शून्य लिहिलं नाही.
लिहिलं: दिसले नाहीत.
या दोहोंत किती अंतर आहे
हे ओस्लोला कसं समजावायचं,
त्या पत्राचा मसुदा अजून टेबलावर आहे,
"महोदय" पर्यंत.

चार हजार दोनशे पक्षी एका रेघेत मारले मी.
गावातल्या सगळ्या बंदुकांना
एका मोसमात जमलं नसतं.

नोदार दारात थांबला.
"उद्या येऊ?"
"ये. उद्या वारा पूर्वेचा आहे.
आणि अक्रोड फोडायला काहीतरी आण."

रविवारी मीच गेले वर.
मक्याची शेतं, जर्दाळूच्या काठ्यांचं कुंपण,
खालून कुठूनतरी
नोदारच्या बापाच्या ससाण्याची घुंगुरं.
किती वर्षांनी गणकयंत्र हातात धरलं,
अंगठा जड झालेला.
समुद्राकडून एक ठिपका आला, मोठा झाला.
"मधुबाज!" मी ओरडले, आणि कळ दाबली.

शेजारी दगडावर नऊ वर्षांची मझिया,
दुर्बीण तिच्या तोंडाहून मोठी.
तिनं ती खालीही केली नाही.
"कावळा आहे, मावशी," म्हणाली.
"आणि कावळे आपण मोजत नाही."