काय वाचले?

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, रात्रीचा दीड.
खाली पाण्याचा टँकर रिव्हर्स घेतोय
आणि माझ्या स्क्रीनवर गोठलेलं तळं.
एक बाई बर्फावर उकिडवी बसून
भोकातून खाली बघतेय.
चार मिनिटं कोणी काही बोलत नाही.
मला ओळीमागे पैसे मिळतात,
म्हणजे ही चार मिनिटं फुकट.

काम तसं सोपं आहे.
दोन ओळी, ओळीत बेचाळीस अक्षरं.
माणूस बोलायला लागला की उमटायचं,
गप्प झाला की पुसून जायचं.
बघणाऱ्याला कळताही कामा नये
की मध्ये कोणी होतं.

सिनेमातल्या बाईचा नवरा बर्फाखाली गेला.
दोघं गेली होती, ती परत आली.
गावातले लोक तिला सूप आणून देतात,
झाकण घालून, आणि दारातूनच फिरतात.
हे मला भाषांतरावं लागलं नाही.
आमच्याकडे पिठलं होतं,
घोरपडेकाकूंच्या डब्यातलं.

पामबीचवर त्या रात्री हेल्मेट एकच होतं.
धैर्यशील म्हणाला, तू घाल, माझे केस बसतात.
एवढंच.
बेचाळीस अक्षरांत सहज मावतं.

दुसऱ्या आठवड्यात अप्पा मार्केटला गेले,
पाठीवर पुन्हा कांद्याची गोणी.
आईने हेल्मेट फ्रिजवर उलटं ठेवलं
आणि एक दिवस त्यात लसूण दिसला.
मी काही बोलले नाही.
तीही नाही.
तीन वर्षं फोडणीच्या पाकळ्या त्यातूनच येतात.
लोक म्हणायचे, पोरगी तरी वाचली हो.
आई तेव्हा पदर नीट करायची
आणि विचारायची, चहा टाकू का?

एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांवर
ती बाई पहिल्यांदा ते बोलते.
आमिषांच्या दुकानात, सुट्टे मोजता मोजता,
जणू गळाचा भाव सांगतेय:
मी वाचले.

तपासणाऱ्याचा शेरा आला:
अर्थ संदिग्ध. काय वाचले? पुस्तक?
'जिवंत राहिले' असे करावे.

मी खूप वेळ बसून होते.
टँकर गेला, पंप बंद झाला.
जिवंत राहिले –
ते तर कोपरखैरण्यात राहते म्हटल्यासारखं,
नुसता पत्ता.
वाचणं म्हणजे कोणीतरी घाईत
काही लिहून ठेवून गेलेलं असतं,
अक्षर लागत नाही,
आणि तुम्ही तो कागद
कधी खिडकीशी, कधी ट्यूबलाइटखाली
धरून बघत राहता.

उत्तर पाठवलं: संदिग्धच आहे. राहू द्या.
आणि त्या ओळीला एक सेकंद जास्त दिला.
नियमात बसत नव्हतं.

सिनेमा आला तेव्हा आई म्हणाली, लाव.
चौथी शिकलेली, ओठ हलवत वाचते.
निम्म्या ओळी तिच्या हातून निसटत होत्या.
काय हुकलं ते मी सांगितलं नाही.
तळं गेलं, सूप गेलं,
दुकान आलं, चिल्लर वाजली.
मी...
वा... च...
ओळ अजून थांबलेली.
ले.

निवडायला घेतलेली मेथी मांडीवर तशीच.
पडद्यावरची नजर न काढता
आई त्या परक्या बाईला म्हणाली,
बरं झालं गं बाई. वाचलीस.

मी मेथीची एक काडी उचलली,
पानं खुडली, काडीच पातेल्यात टाकली.

मग नावं वर सरकायला लागली.
माझं अगदी शेवटी येतं, जेमतेम दिसतं.
तेही तिने वाचलं, आडनावासकट,
आणि उठली
फ्रिजवरून लसूण काढायला.